नदीतला वालुकाश्माचा गोटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा, वैनगंगा, कन्हान, प्राणहिता या नद्यांच्या पात्रांतून उचललेल्या दगडांचे फोटो आणि त्यासोबतचे प्रश्न वर्षभर येत असतात. त्यात वालुकाश्माबद्दलचे प्रश्न सगळ्यांत जास्त. आणि चूक बहुतेकांची एकाच ठिकाणी होते: दगड रंगावरून ओळखला जातो. वालुकाश्म ओळखायचा तो कणांवरून, आणि तो कुठून आला हे कळतं नदीवरून. या दोन गोष्टी डोक्यात ठेवल्या की पुढचं बरंच सोपं होतं.

प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत. उदाहरणं मुख्यतः पूर्व विदर्भातली आहेत, कारण महाराष्ट्रात वालुकाश्म नदीकाठी भरपूर भेटतो तो तिथेच.

१. वालुकाश्म म्हणजे नेमकं काय?

वाळूचे कण एकमेकांना घट्ट सांधले जाऊन झालेला गाळाचा खडक. वाळू म्हणजे किती जाड, याचं माप ठरलेलं आहे: ०.०६२५ मिलिमीटर ते २ मिलिमीटर. कण याहून बारीक असतील तर तो गाळवटीचा किंवा चिकणमातीचा खडक होतो, जाड असतील तर पिंडाश्म (प्रश्न १३). वाळू थरांनी साचते, वरच्या थरांच्या वजनाने दाबली जाते, आणि कणांमधल्या फटींतून झिरपणाऱ्या पाण्यातली द्रव्यं तिथे साठून कणांना धरून ठेवतात. हे सांधणारं द्रव्य सिलिका (गारेचं द्रव्य), कॅल्साइट (चुन्याचं खनिज), लोहाची ऑक्साइडं किंवा नुसती चिकणमातीही असू शकतं. दगड टणक की भुसभुशीत, हे बहुतांशी या द्रव्यावर अवलंबून असतं. कण तर बहुतेक वेळा क्वार्ट्‌झचेच असतात, म्हणजे गारेच्या कठीण, काचेसारख्या खनिजाचे.

२. हातातला गोटा वालुकाश्मच आहे हे घरच्या घरी कसं ओळखू?

आधी तो धुऊन पूर्ण वाळू द्या. ओला दगड सुंदर दिसतो, पण ओल्यावर कण नीट दिसत नाहीत. मग उन्हात धरून दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहा. शेजारी कंपासपेटीतली पट्टी ठेवा. एका मिलिमीटरच्या जागेत दोन-चार सुटे कण मोजता आले, ते साधारण सारख्या मापाचे असले आणि उन्हात फिरवल्यावर काचेसारखे चमकले, तर निम्म्याहून अधिक काम झालं.

दुसरी चाचणी अंगठ्याची. गोट्यावर अंगठा दाबून फिरवा. नदीने कितीही गुळगुळीत केला असला तरी वालुकाश्माला एक बारीक खरखर राहते. दोन गोटे एकमेकांवर घासले आणि खाली पांढऱ्या कागदावर वाळूच सांडली, पीठ नाही, तर खूण पक्की.

तिसरी, पाण्याच्या थेंबाची. कोरड्या गोट्यावर एक थेंब सोडा. सच्छिद्र वालुकाश्म तो काही क्षणांत पिऊन टाकतो आणि मागे गडद डाग राहतो. घट्ट काळ्या दगडावर थेंब बराच वेळ तसाच बसून राहतो. मात्र सिलिकाने गच्च सांधलेला वालुकाश्मही पाणी पीत नाही, त्यामुळे थेंब जिरला नाही एवढ्यावरून नकार देऊ नका.

सुरीच्या टोकाने ओरखडा काढून पाहण्याची सवय अनेकांना असते. क्वार्ट्‌झची कठिनता ७ आणि सुरीच्या पोलादाची साधारण साडेपाच, म्हणून सुरी कणाला ओरखडू शकत नाही. पण मऊ वालुकाश्मावर सुरी ओढली की कण उखडून निघतात आणि चर पडल्यासारखी दिसते. उलट कठीण गोट्यावर करड्या रंगाची चमकदार रेघ उमटते. ती दगडाची नसून सुरीचंच पोलाद झिजून लागलेलं असतं. बोटाने पुसून पाहा, फरक कळतो.

३. माझ्याकडे लाल, पिवळा आणि पांढरा असे तीन गोटे आहेत. हे तीन वेगळे दगड ना?

तसं असेलच असं नाही. लाल रंग हेमेटाइटचा, पिवळा-तपकिरी गोथाइट-लिमोनाइटचा, आणि दोन्ही म्हणजे लोहच. कणांवर या द्रव्याचा अगदी पातळ लेप असला तरी सगळा दगड रंगतो. लोह नसेल तर तोच वालुकाश्म पांढरट राहतो. एकाच गोट्यात अर्धा भाग लाल आणि अर्धा पिवळा असं सर्रास दिसतं. हिरवट छटा क्लोराइट किंवा ग्लॉकोनाइट या खनिजांची असू शकते. काळा रंग मात्र दोन कारणांनी येतो: आत कोळशाचे बारीक कण असतील तर, किंवा वरून मँगनीजचं पातळ पुट चढलं असेल तर. पुट असेल तर फोडल्यावर आत वेगळाच रंग निघतो.

४. पुण्यात मुठेत किंवा साताऱ्याकडे कृष्णेत वालुकाश्माचे गोटे मिळतील का?

नैसर्गिकरीत्या जवळजवळ नाहीच. या नद्या उगमापासून दख्खनच्या बेसाल्टवरून वाहतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर तिथे एकावर एक आहेत, त्यामुळे पात्रात मिळतात ते काळे बेसाल्टचे गोटे, पोकळ्यांतून सुटलेल्या गारगोट्या, अकीक, जास्पर आणि कधी झिओलाइटचे पांढरे खडे. वाळूसारखा दिसणारा गोटा मिळालाच तर आधी प्रश्न ७ आणि ८ वाचा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. या नद्यांच्या काठाला जुना वाळू-खड्यांचा थर चुन्याने सांधून दगडासारखा झालेला आढळतो. प्रवरेच्या काठी नेवाशाला तो चांगला पाहता येतो. त्याचा तुकडा वालुकाश्मासारखाच वाटेल, पण भिंगाखाली त्यातले कण काळ्या बेसाल्टचे निघतात.

५. मग महाराष्ट्रात कुठल्या नद्यांत शोधायचा?

इथे नदीचा वरचा प्रवास माहीत असणं सगळ्यांत उपयोगाचं. गोटा म्हणजे वरून आलेला दगड. वर जो खडक नाही तो खाली पात्रात येणार कुठून?

वर्धा नदी बैतूल जिल्ह्यात मुलताईच्या परिसरात उगम पावते आणि आधी बराच काळ बेसाल्टवरून येते. यवतमाळ-चंद्रपूरच्या हद्दीवर ती कोळशाच्या पट्ट्यात शिरते. वणी, घुग्गुस, बल्लारपूर हा सगळा गोंडवाना खडकांचा, म्हणजे कोळसा असलेल्या जुन्या गाळाच्या थरांचा प्रदेश. कोळसा ज्या थरांत आहे ते बराकर वालुकाश्म पांढरट-करडे, आणि त्यांच्यावरचे कामठी थरांतले वालुकाश्म लाल, पिवळे, जांभळट. कामठी हे नाव नागपूरजवळच्या कामठी गावावरूनच पडलं. म्हणून वर्धेच्या खालच्या टप्प्यात एकाच ओंजळीत काळा बेसाल्ट, लाल वालुकाश्म आणि पैनगंगेकडून आलेली करडी चुनखडी असे तिन्ही गोटे मिळतात.

वैनगंगेचं वेगळं आहे. सिवनी जिल्ह्यातून निघून ती भंडारा आणि गडचिरोलीकडे येते ती मुख्यतः फार जुन्या, स्फटिकमय खडकांवरून. तिच्या पात्रात क्वार्ट्‌झ, क्वार्टझाइट आणि ग्रॅनाइटसारख्या दगडांचे गोटे जास्त. वैनगंगेतला गुलाबी किंवा पांढरा दाणेदार गोटा वालुकाश्म म्हणून पाठवला जातो तेव्हा तो पुष्कळदा क्वार्टझाइटच निघतो (प्रश्न ६).

कन्हानच्या पात्रात सगळी सरमिसळ आहे: छिंदवाड्याकडचा बेसाल्ट, तिथल्याच कोळसापट्ट्यातला वालुकाश्म आणि सावनेर-पारशिवनीकडचे संगमरवरासारखे रूपांतरित खडक. नवशिक्यासाठी याहून चांगली नदी नाही, आणि थोडी अवघडही हीच.

वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि सिरोंचापाशी ती गोदावरीला मिळते. या पट्ट्यात गोंडवाना वालुकाश्म आहेच, शिवाय त्याहून खूप जुने वालुकाश्मही जवळ आहेत. वालुकाश्म पाहायचा तर माझ्या मते सिरोंचा तालुक्यासारखी दुसरी जागा राज्यात नाही. गोदावरीचा विचार करताना मात्र नाशिक-पैठणची गोदावरी आणि सिरोंचाची गोदावरी यांची गल्लत करू नका. नाव एकच असलं तरी गोट्यांच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या नद्या आहेत.

६. वालुकाश्म आणि क्वार्टझाइट यांत फरक काय? दोन्ही दाणेदारच दिसतात.

वालुकाश्म खोल गाडला जाऊन उष्णता आणि दाबाखाली सापडला की त्याचे कण पुन्हा स्फटिकतात, एकमेकांत गुंततात आणि क्वार्टझाइट हा रूपांतरित खडक तयार होतो. फरक कळतो तो फोडल्यावर. शेंगदाण्याची चिक्की मोडताना कधी दाणा अख्खा राहून गूळ तुटतो, तर कधी दाण्यासकट सरळ चीर जाते. वालुकाश्म पहिल्या तऱ्हेने फुटतो: भेग कणांना वळसा घालून जाते आणि फुटलेली बाजू खरखरीत राहते. क्वार्टझाइटमध्ये भेग कणांना कापत जाते, बाजू गुळगुळीत, किंचित तेलकट चमकेची दिसते आणि कडा धारदार निघते.

फोडायचा नसेल तर दोन क्वार्टझाइटचे गोटे एकमेकांवर हलकेच आपटा. आवाज खणखणीत येतो. मऊ वालुकाश्माचा आवाज बद्द येतो.

अडचण एवढीच की मधले नमुने पुष्कळ असतात. सिलिकाने पूर्ण सांधलेला, पण रूपांतर न झालेला वालुकाश्मही कण कापतच फुटतो. अशा वेळी हातातल्या तुकड्यावरून निकाल लागत नाही, आणि तसं स्पष्ट सांगणं हेच बरोबर उत्तर असतं (प्रश्न २१).

७. झिजलेला बेसाल्ट तपकिरी होऊन वालुकाश्मासारखा दिसतो. काय करू?

वजन करा. वालुकाश्माची घनता साधारण २.२ ते २.६, बेसाल्टची २.८ ते ३.०. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. आधी कोरड्या गोट्याचं वजन ग्रॅममध्ये घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा. गोटा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडांना टेकू देऊ नका. काट्यावर येणारा आकडा म्हणजे गोट्याचं घनसेंटिमीटरमधलं आकारमान. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. समजा गोटा २४० ग्रॅमचा आहे आणि पाण्यात आकडा १०० आला, तर घनता २.४, बेसाल्टची शक्यता मावळली. दगडातून बुडबुडे येत असतील तर आकडा लगेच वाचा, कारण पाणी आत शिरतंय.

अपवाद: पोकळ्यांचा बेसाल्ट हलका भरतो. तिथे चुंबक मदतीला येतो. ताकदवान छोटा चुंबक दोऱ्याला लटकवून गोट्याजवळ न्या. बेसाल्टमधल्या मॅग्नेटाइटमुळे तो किंचित ओढला जातो. साध्या वालुकाश्माकडे सहसा ढिम्म राहतो.

८. शहराजवळच्या नदीत लाल गुळगुळीत गोटा मिळाला. वालुकाश्मच वाटतो.

बहुधा वीट. फोटोंमध्ये सगळ्यांत जास्त फसवणारी वस्तू हीच. विटेचा तुकडा नदीत थोडे पावसाळे घोळला की सुंदर गोल होतो. भिंगातून पाहिल्यावर एकसारख्या कणांऐवजी भाजलेल्या मातीचा सलग गोळा दिसतो, त्यात मधूनच एखादा खडा, राखेचा ठिपका किंवा तूस जळून राहिलेली लांबट पोकळी.

दुसरी फसवणूक काँक्रीटची. त्यात कण लहान-मोठे सगळे मिसळलेले, खडी टोकदार, आणि हवेच्या बुडबुड्यांची गोल भोकं. व्हिनेगर टाकल्यावर फेसही येतो, त्यामुळे प्रश्न १२ मधल्या चाचणीने गोंधळ वाढतो. टोकदार काळी खडी दिसली की समजावं.

९. गोटा इतका गोल व्हायला किती वर्षं लागली असतील?

वर्षांपेक्षा अंतर विचारा. दगड दरडीतून सुटतो तेव्हा त्याला कोपरे असतात. पुरात आपटत, घासत जाताना कोपरे आधी झिजतात, म्हणून गोलाई सुरुवातीला झपाट्याने येते आणि नंतर फक्त आकार लहान होत राहतो. मऊ वालुकाश्म थोड्याच अंतरात गोल होतो आणि आणखी पुढे गेला तर पुन्हा वाळूच होऊन जातो.

यातून एक उपयोगी निष्कर्ष निघतो. हाताने कण सुटावेत इतका मऊ वालुकाश्माचा गोटा पात्रात मिळाला, तर त्याचा मूळ खडक वरच्या अंगाला जवळच आहे. लांबून तो टिकून येऊच शकला नसता. क्वार्टझाइटच्या गोट्याबद्दल असं काही सांगता येत नाही. तो शेकडो किलोमीटर आलेला असू शकतो.

१०. आणि या दगडाचं वय किती?

इथे तीन वयं वेगळी धरावी लागतात. गोट्याचा आकार अलीकडचा. खडक जुना: कामठी थर पर्मियन काळाच्या उत्तरार्धातले, म्हणजे साधारण पंचवीस कोटी वर्षांचे, सिरोंचाजवळच्या कोटा गावाच्या नावाने ओळखले जाणारे थर ज्युरासिक काळातले. आणि कण खडकाहूनही जुने, कारण ती वाळू त्याआधीच्या डोंगरांची झीज होऊन आली होती. वालुकाश्मातला झिरकॉन या टिकाऊ खनिजाचा एखादा कण शंभर कोटी वर्षांहून जुना निघाला तरी त्यात नवल नाही. म्हणून "हा दगड किती जुना" असं विचारताना कशाचं वय हवं ते आधी ठरवा.

११. गोट्यावर तिरके पट्टे आहेत, जणू कुणी पट्टीने आखलेत. हे काय?

नशीबवान आहात, जपून ठेवा. याला तिरपं स्तरण म्हणतात आणि वालुकाश्मात वाचण्यासारखी सगळ्यांत मोठी गोष्ट हीच.

वाहतं पाणी तळाशी वाळूच्या लाटा करतं. वाळू लाटेच्या एका उतारावरून वर ढकलली जाते आणि माथ्यावरून पलीकडच्या तीव्र उतारावर घसरते. प्रत्येक घसरण म्हणजे एक तिरका पातळ थर. लाट पुढे सरकत जाते तसे हे थर एकामागे एक रचले जातात, सगळे प्रवाहाच्या दिशेने कललेले. पुढची लाट येते ती आधीच्या लाटेचा माथा खरवडून.

आता गोटा हातात फिरवून पाहा. तिरक्या रेघा एका टोकाला हळूच आडव्या होत जातात आणि दुसऱ्या टोकाला एका रेषेवर खाटकन कापल्यासारख्या संपतात. जिथे वळून आडव्या होतात ती खालची बाजू, जिथे कापल्या गेल्या ती वरची. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी ती वाळू साचली तेव्हा या गोट्याची कुठली बाजू आकाशाकडे होती हे तुम्ही घरी बसून सांगू शकता. मला यापेक्षा जास्त आनंद दुसऱ्या कुठल्याच निरीक्षणाने होत नाही.

पण ती जुनी नदी कुठल्या दिशेला वाहत होती, हे या गोट्यावरून कळणार नाही. आजच्या नदीने तो शंभरदा उलटापालटा केला आहे. त्यासाठी जागेवरच्या खडकाकडे, दरडीकडे किंवा खाणीच्या भिंतीकडे जाऊन कंपास लावावा लागतो.

रेघा तिरक्या नसून एकात एक कड्यांसारख्या असतील तर ते स्तर नव्हेत. दगड तयार झाल्यावर आत झिरपलेल्या पाण्यातलं लोह लयीने साठत गेलं की अशा कड्या उमटतात. त्या खऱ्या स्तरांना छेद देऊन जातात, हीच त्यांची ओळख. आणि एखादीच जाड पांढरी रेघ आरपार गेली असेल तर ती भेग पुढे क्वार्ट्‌झने किंवा कॅल्साइटने भरलेली असते.

१२. लिंबू पिळल्यावर फेस आला. म्हणजे चुनखडी ना?

चुनखडी असू शकते, किंवा कॅल्साइटने सांधलेला वालुकाश्म. लिंबू आणि व्हिनेगर दोन्ही सौम्य आहेत, म्हणून आधी दगड खरवडून थोडी पूड काढा आणि तिच्यावर थेंब टाका. फेस विरल्यावर मागे वाळूचे कण उरले तर वालुकाश्म. फार काही उरलं नाही तर चुनखडी. नदीतल्या दगडांवर वरून चुन्याचं पुट बसलेलं असतं, बेसाल्टवरसुद्धा. त्यामुळे चाचणी नेहमी ताज्या फुटलेल्या बाजूवर करा. शौचालय साफ करायचं ॲसिड यासाठी वापरू नका; घरातल्या ब्लीचशी संपर्क आला तर त्यातून विषारी वायू निघतो.

१३. वाळूत मोठे खडे रुतलेले आहेत. हा वालुकाश्मच का?

खडे दोन मिलिमीटरहून मोठे आणि भरपूर असतील तर तो पिंडाश्म. एखाद-दुसराच असेल तर "खडेयुक्त वालुकाश्म" म्हणा. कामठी थरांत असे भाग बरेच आहेत.

पण खडे अगदी वेगवेगळ्या जातींचे, लहान-मोठे कसेही, आणि बारीक हिरवट-करड्या मातीत विखुरलेले असतील तर नीट पाहा. चंद्रपूर भागात तालचेर थर आहेत, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या हिमयुगातले. पैनगंगेकाठी ईरई गावाजवळ चुनखडीच्या पृष्ठभागावर हिमनदीने ओढलेल्या समांतर चरा एकोणिसाव्या शतकातच नोंदल्या गेल्या. त्या काळी ही भूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात उभं राहून बर्फाने आणलेला खडा हातात धरता येतो, आणि हे विदर्भातल्या प्रत्येक शाळेतल्या मुलाला ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

१४. लाकडासारख्या रेषांचा दगड सापडला. जीवाश्म असेल का?

शक्यता आहे. गोंडवाना थरांत अश्मीभूत लाकूड मिळतं. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे, तिथे खोडं जागेवर पाहता येतात. खऱ्या अश्मीभूत लाकडात रेषा एका दिशेने लांबट असतात आणि आडव्या कापावर वाढीची वलयं किंवा बारीक पेशींची जाळी दिसते. वालुकाश्मातले स्तर तसे नसतात; गोटा कसाही फिरवला तरी ते पातळ पत्र्यांसारखे एकावर एकच दिसतात. पानांचे ठसे मात्र बारीक कणांच्या खडकात चांगले उमटतात. कामठीजवळचे ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष वनस्पतीचे ठसे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात गोळा केले होते. काही सापडल्यासारखं वाटलं तर उचलू नका: फोटो काढा, जागा नोंदवा, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र विभागाला कळवा. जागेवरून हललेल्या जीवाश्माची निम्मी माहिती तिथेच संपते.

१५. गोट्याला आरपार भोक आहे. कुणी मुद्दाम पाडलं असेल का?

बहुतेक वेळा नाही. वालुकाश्मात चिकणमातीचे गोळे अडकलेले असतात. ते मऊ असल्याने पाण्याने धुऊन जातात आणि खळगा राहतो. गोटा झिजत गेला की खळगा आरपार होतो. दोन्ही बाजूंनी निमुळतं होत मध्ये मिळणारं, आत गोल घासल्याच्या खुणा असलेलं भोक मात्र माणसाने पाडलेलं असू शकतं. तिथे प्रश्न १४ मधला सल्ला लागू, फक्त कळवायचं पुरातत्त्व विभागाला.

१६. शाळिग्राम आणि नर्मदेतले बाणलिंग वालुकाश्माचे असतात का?

शाळिग्राम नाही. तो नेपाळात गंडकीच्या पात्रात मिळतो. काळ्या शेलमधल्या (चिकणमातीच्या पातळ थरांच्या खडकातल्या) कठीण गाठी असतात त्या, आणि आतलं चक्र म्हणजे ॲमोनाइट या सागरी प्राण्याच्या शंखाचा ठसा. नर्मदेच्या बाबतीत एकच उत्तर देता येत नाही. तिच्या खोऱ्यात विंध्य वालुकाश्म, क्वार्टझाइट, जास्पर, बेसाल्ट असं सगळं आहे, आणि बाणलिंग ही ओळख आकाराची आणि श्रद्धेची आहे, खडकाची नव्हे. मध्य प्रदेशात खरगोन जिल्ह्यातल्या बकावां गावात नर्मदेच्या दगडातून शिवलिंगं घडवण्याचा व्यवसायच आहे. पूजेतल्या लिंगावर ओरखडे किंवा लिंबाची चाचणी करू नका. भिंग आणि प्रश्न ७ मधलं वजन एवढं पुरे.

१७. आम्ही कोकणातले. आमच्याकडे काय?

नदीत मुख्यतः बेसाल्ट आणि जांभा. जांभ्याला भोकं आणि लाल-पिवळी माती असते, वाळूचे कण नसतात. सिंधुदुर्गात काही भागांत कलादगी समूहाचा फार जुना वालुकाश्म आणि क्वार्टझाइट आहे, तिथल्या ओढ्यांत त्याचे गोटे मिळतात. किनाऱ्यावर मात्र अगदी तरुण वालुकाश्म आहे: शंखशिंपल्यांचा चुरा आणि वाळू चुन्याने सांधून झालेला "करळ". लिंबू टाकताच फसफसतो.

हाच कलादगी-बदामीचा पट्टा पुढे कर्नाटकात विस्तारतो. बनशंकरीला कुलाचाराला जाणाऱ्या मंडळींनी बदामीची लेणी पाहिली असतील. सहाव्या शतकात चालुक्यांनी ती याच लाल वालुकाश्मात कोरली, तिसऱ्या लेण्यातला शिलालेख इ.स. ५७८ चा आहे. भिंतींवर मूर्तींच्या मागे तिरपं स्तरण (प्रश्न ११) स्वच्छ दिसतं. नागपंचमीच्या सुमारास पचमढीला नागद्वारच्या यात्रेला जाणाऱ्या विदर्भातल्या लोकांनाही तेच सांगेन: तुम्ही ज्या कपारींतून चालता त्या वालुकाश्माच्याच आहेत. भिंतीकडे जरा थांबून पाहा.

१८. चुलीला, शेकोटीला नदीतले गोटे लावले तर चालतील?

नको. सच्छिद्र गोट्यात पाणी मुरलेलं असतं. तापल्यावर त्याची वाफ होते, बाहेर पडायला वाट मिळाली नाही की दगड फुटतो आणि चकले उडतात. वरून कोरडा दिसणारा गोटाही आतून ओला असू शकतो. पिवळा वालुकाश्म भाजल्यावर लाल होतो असं काहींनी लिहिलं आहे. ते खरं आहे, तापल्यावर गोथाइटमधलं पाणी निघून हेमेटाइट बनतो. पण हा प्रयोग प्रयोगशाळेतच बरा.

१९. मत्स्यालयात टाकू का? सुऱ्यांना धार लावू का?

मत्स्यालयासाठी प्रश्न १२ मधली चाचणी करा. फेस आला तर नको, कॅल्साइटमुळे पाणी जड होत जातं. धार लावायला बारीक आणि एकसारख्या कणांचा सपाट तुकडा उत्तम. पूर्वीचे निसणे बऱ्याचदा वालुकाश्माचेच असत. जाड कणांचा असेल तर पात्याला खाचा पडतात.

२०. पात्रातून दगड आणणं योग्य आहे का? आणि जायचं कधी?

ताडोबा, पेंच किंवा कुठल्याही अभयारण्याच्या हद्दीतून काहीही उचलू नका. ट्रॅक्टर भरून गोटे नेणं गौण खनिजाच्या परवान्याखाली येतं. अभ्यासासाठी मुठीएवढा एक नमुना पुष्कळ होतो. मार्कंड्यासारख्या ठिकाणी, जिथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि काठावर वालुकाश्मातली जुनी मंदिरं आहेत, तिथला घडवलेला एकही तुकडा हलवू नका, मग तो पात्रात पडलेला का असेना.

जायला उत्तम काळ फेब्रुवारी ते मे, पाणी उतरलेलं असताना. पण वैनगंगेवर गोसीखुर्दसारखी धरणं आहेत, आणि पाणी सोडलं की वर ढग नसतानाही पात्र भरतं. गावात विचारल्याशिवाय मधल्या वाळूपट्ट्यावर जाऊ नका. दगड फोडायचाच असेल तर जाड कापडात गुंडाळा, डोळ्यांना चष्मा लावा, आणि धूळ नाकात जाऊ देऊ नका. सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते.

२१. सगळं करून पाहिलं, तरी ठरत नाही. आता?

मग दगडाचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. ०.०३ मिलिमीटर जाडीच्या कापातून प्रकाश आरपार जातो आणि कण कुठला, सांधणारं द्रव्य कुठलं, कण नुसते चिकटलेत की गुंतलेत हे स्पष्ट दिसतं. वालुकाश्मात फेल्डस्पार या खनिजाचे कण पावभागाहून जास्त असतील तर त्याला आर्कोज म्हणतात. हा भेदही असाच पक्का होतो.

आधी फोटो पाठवायचा असेल तर दोन काढा: कोरडा अख्खा गोटा, फुटलेली ताजी बाजू अगदी जवळून, आणि दोन्हींत शेजारी पट्टी. फोटो सावलीत काढा, फ्लॅश नको. सोबत नदीचं नाव, जवळचं गाव, आणि गोटा पाण्याच्या कडेला मिळाला की दरडीतून पडलेला होता हे लिहा. प्रश्न ७ मधली घनता काढली असेल तर तोही आकडा द्या. बऱ्याचदा नदीचं नाव वाचूनच निम्मे पर्याय गळतात.